मालमत्तेची यादी

जळगावच्या कलेक्टर कचेरीत कारकुनानं विचारलं,
"कोणत्या योजनेतून?"
मी म्हटलं, योजना माझं नाव.
योजना वसंत भारंबे, मुक्काम न्हावी, तालुका यावल.
हा माझा भाऊ युवराज.
मी याची पालक व्हायला आलेय.

तो हसला नाही. बरं केलं.
बाहेर मे महिना डांबर उकळत होता,
आत पंख्याचं एक पातं कुरकुरत होतं
आणि युवराज दोन्ही कानांवर हात दाबून
त्या एकट्या पात्याला समजावत होता : उंहूं, उंहूं.

आईनं पहिला दाखला काढला तेव्हा
कायद्याच्या यादीत याचा शब्दच नव्हता.
डॉक्टरांनी जवळचा शब्द लावला,
आपल्या मापाची चप्पल नसली की
दुकानदार जवळच्या मापाची देतो, तसा.
तो चावला वीस वर्षं.
मग दिल्लीत नवा कायदा झाला.
आईला कळलं पिठाच्या गिरणीच्या रांगेत,
अंगणवाडीच्या बाईंकडून, झाल्यानंतर दोन वर्षांनी.
पुन्हा सिव्हिल, पुन्हा बाकडं, पुन्हा तेच,
डोळ्यात बघतो का? हाक मारली की वळतो का?
आणि छापून आलं : स्वमग्न.

हा शब्द कोणी पाडला, माहीत नाही.
युवराज स्वतःत कधीच नसतो.
तो ठिबकच्या नळीला कान लावून असतो;
कोणत्या खोडाखाली थेंब चुकला
ते त्याला वडिलांच्या आधी कळायचं.
तो असतो कळण्याच्या भाकरीच्या पापुद्र्याखाली,
बोट भाजेपर्यंत.
चार घरं सोडून कुकर चढला
की शिट्टीच्या आधीच उठून मागच्या खोलीत जातो.
स्वतःसाठी सवड कुठंय त्याला?
स्वमग्न मी आहे.
एक स्थळ याच्यापायी परत गेलं,
त्याचा हिशेब अजून धरून बसलेली.

शेवटचे महिने आई एकच वाक्य बोलायची,
"माह्या मांगं याचं कसं व्हईन वं?"
मी कायदा वाचला, मराठीतला, दोनदा.
तेच वाक्य आहे कलमांत,
फक्त त्यातलं 'वं' काढून टाकलंय.

समितीपुढे साहेब नीट बोलले.
"तुम्ही आहात, ठीक. पण तुमच्यानंतर?"
मला उत्तर येत नव्हतं.
युवराज खुर्चीवरून उठला,
दाराच्या चौकटीला तीनदा बोट लावलं.
म्हणजे आता निघायचं.
साहेबांचा हात टेबलावरच्या घंटीपर्यंत गेला
आणि मागे आला.
शिपायाला त्यांनी हळू हाक मारली.

आदेश पोस्टानं आला.
पालकानं सहा महिन्यांच्या आत
पाल्याच्या मालमत्तेची यादी सादर करावी.
पाल्य! माझ्याहून सहा वर्षांनी मोठा,
मला सायकलच्या नळीवर बसवून
पाटापर्यंत नेणारा, एक शब्द न बोलता.

रात्री दिवा लावून लिहायला बसले.
स्थावर : सव्वा एकर केळी, निम्मा हिस्सा.
घर, मागची खोली, जिथं आवाज कमी येतो.
जंगम : सोड्याच्या बाटल्यांची बुचं, एक डबा,
रंगानं नव्हे, वासानं लावलेली.
ट्रान्झिस्टर, दोन स्टेशनांच्या मधली खरखर ऐकण्यासाठी.
आईचं हिरवं लुगडं. धुऊ नये.
पापडाचं लाटणं, हे हातात असलं की झोप येते.
बहीण, नग एक.

इथं मी अडले.
स्थावर की जंगम?

युवराज मागे येऊन उभा राहिला.
कागदाचा दुमडलेला कोपरा
बोटानं सरळ केला. एकदा, दोनदा, तीनदा.
मग माझ्या हातातलं पेन काढून घेऊन
त्याला टोपण लावलं.
उघडं पेन त्याला चालत नाही.